मे महिन्याचा प्रवेशअर्ज

मुलांच्या उन्हाळी शिबिरांचा इतिहास शोधायचा तर स्मरणिका चाळून फारसं हाती लागत नाही. स्मरणिकेत उद्घाटकांची नावं असतात, समारोपाचे फोटो असतात, देणगीदारांची यादी असते. इतिहास असतो तो प्रवेशअर्जात. मुलाचं नाव, वय, शाळा. पालकांचा व्यवसाय. पोहता येतं का? काही आजार आहे का? शुल्क किती, कधीपर्यंत भरायचं, सोबत काय आणायचं. या रकान्यांवरून त्या त्या काळातल्या मोठ्या माणसांनी मुलांकडून काय अपेक्षा केली ते कळतं. कोणाला दार उघडं होतं आणि कोण दाराबाहेर राहिलं, तेही कळतं.

मी दादरच्या एका मराठी शाळेत शिकवलं. निवृत्त झाले तरी आमच्या विभागातल्या एका मंडळाच्या शिबिराची नोंदणी अजून माझ्याकडेच आहे. मार्च सरत आला की व्यायामशाळेच्या पडवीत टेबल मांडायचं, पावतीपुस्तक काढायचं आणि येणाऱ्या प्रत्येक आईबापाचा तोच प्रश्न ऐकायचा: "बाई, हिला कशात घालू?" चित्रकला की पोहणं, नाटक की बुद्धिबळ, निवासी की रोज घरी येण्याचं? या प्रश्नाचं उत्तर मला मागच्या शंभर वर्षांच्या शिबिरांकडे पाहिल्याशिवाय देता येत नाही. शिबिरात काय शिकवतात ते पाहायलाच हवं, पण आपलं मूल तिथे कोणाच्या शेजारी पंगतीला बसणार आहे ते त्याआधी पाहावं, असं माझं ठाम मत आहे. ज्या शिबिरांनी महाराष्ट्राला काही दिलं, त्यांतल्या बहुतेकांनी ही पंगत विचारपूर्वक मांडली होती.

शिबिरं नव्हती तेव्हाही सुट्टी होतीच. शाळा मेच्या सुरुवातीला सुटायची आणि पाऊस तोंडावर आला की उघडायची. विदर्भात ऊन जास्त म्हणून आणखी उशिरा. परळ-लालबागच्या चाळी मे महिन्यात अर्ध्या रिकाम्या व्हायच्या. चाकरमानी कुटुंबं कोकणात, घाटावर आपापल्या गावी जायची. मुलं विहिरीत पोहायला शिकायची. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काकाच्या हातात. आंबे उतरवणं, फणस फोडणं, सुकी लाकडं गोळा करणं, रात्री अंगणात गोष्टी ऐकणं, सगळं शिक्षण तिथेच होत होतं. आजही सुट्टीचा विषय निघाला की आपण मामाच्या गावाची आठवण काढून हळहळतो.

ती हळहळ मला पटते, पण ती अपुरी आहे. ज्या विहिरीत आम्ही पोहायला शिकलो, ती विहीर गावातल्या सगळ्या मुलांची नव्हती. माणसाला पाण्याला हात लावू दिला जात नव्हता म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. मामाच्या गावात आपलं मूल आपल्याच आळीतल्या, आपल्याच जातीच्या मुलांबरोबर वाढत होतं. शिवाय ज्यांच्याकडे गावात घर नव्हतं, जमीन नव्हती, ज्यांच्या आईला कामावरून रजा मिळत नव्हती, ती मुलं चाळीच्या गॅलरीत उरायची. मुलांचं शिबिर ही कल्पना या दोन्ही उणिवा भरून काढण्यासाठी आली, असं मी समजते.

सुट्टीचे दिवस सार्वजनिक शिक्षणासाठी वापरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे गावोगावी अशा व्याख्यानमाला उभ्या राहिल्या. पण त्यांचे श्रोते मोठे होते. मुलांना एकत्र राहायला नेणं, तंबूत झोपवणं, स्वतःचं ताट स्वतः घासायला लावणं हे नंतर आलं आणि त्याला बाहेरचाही धागा आहे.

इंग्लंडमध्ये ऑगस्ट १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी नावाच्या बेटावर सुमारे वीस मुलांचा तळ टाकला. स्काउट चळवळीची सुरुवात इथली मानतात. त्या तळाच्या शुल्काची गोष्ट मी टेबलाशी येणाऱ्या पालकांना आवर्जून सांगते. बेडन-पॉवेल यांनी मुद्दाम दोन थरांतली मुलं घेतली होती. काही ईटन, हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतली, तर काही पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या कामकरी कुटुंबांतली. श्रीमंतांच्या मुलांना एक पौंड शुल्क होतं, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे एकाच तंबूत झोपणाऱ्या दोन मुलांच्या शुल्कात जवळजवळ सहापट फरक. सगळ्यांना सारखी वागणूक मिळावी म्हणून शुल्क वेगवेगळं ठेवायचं, ही समज त्या पहिल्या तळात होती.

तीच चळवळ १९०९ मध्ये भारतात आली तेव्हा मात्र ती समज वाटेत हरवली. इथली पहिली पथकं युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांची होती. भारतीय मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. ॲनी बेझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासेत भारतीय मुलांसाठी वेगळी स्काउट संघटना काढली, तेव्हा आपली मुलं गळ्यात रुमाल बांधून तंबू ठोकू लागली. पुढे फाटे फुटले, जुळले आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एक संघटना झाली. आमच्या पिढीतले पुष्कळजण गाठी मारणं, होकायंत्र वाचणं, चूल मांडणं शाळेच्या स्काउट-गाइडमध्येच शिकले.

महाराष्ट्रात या सगळ्याच्या बरोबरीने आखाड्याची परंपरा चालू होती. अमरावतीत १९१४ मध्ये अनंत आणि अंबादासपंत या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केलं. मंडळाने उन्हाळ्याच्या सुट्टीत शारीरिक शिक्षणाचे वर्ग भरवले आणि त्यांसाठी दूरदूरच्या प्रांतांतून तरुण अमरावतीला येऊ लागले. मलखांब, लेझीम, लाठी, कुस्ती, आसनं. याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. पुण्यात १९२४ मध्ये शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. तिथेही मैदानावर मुलांची पिढ्यान् पिढ्या रांग लागली. नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा पहिला प्रशिक्षण वर्ग १९२७ च्या उन्हाळ्यात भरला. विचार वेगळे, झेंडे वेगळे, पण मुलं आणि तरुण हाती लागतात ते मे महिन्यात, हे सगळ्यांनीच ओळखलं होतं.

पंगतीचा प्रश्न ऐरणीवर आणला तो राष्ट्र सेवा दलाने. ४ जून १९४१ रोजी सेवा दलाची पुनर्रचना होऊन ते नव्या जोमाने उभं राहिलं, एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख होते आणि साने गुरुजी त्याचं हृदय. सेवा दलाच्या शिबिरात मुलगे आणि मुली एकत्र यायचे, सगळ्या जातींची मुलं एका ओळीत जेवायची. तेव्हाच्या घरांना हे सहज पचणारं नव्हतं. ज्या आईने मुलाला शिबिराला पाठवलं, तिने परत आल्यावर त्याला आंघोळ करून मगच स्वयंपाकघरात ये असं सांगितल्याचे प्रसंग मी जुन्या सैनिकांच्या तोंडून ऐकले आहेत. सेवा दलात मुलामुलींना सैनिक म्हणत. मुलं हट्टाने पुन्हा जायची. वसंत बापटांसारखे कवी कलापथकासाठी लिहायचे, पथक गावोगाव फिरायचं. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही माणसं याच वातावरणातून पुढे आली.

साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचं दार हरिजनांसाठी उघडावं म्हणून उपोषण केलं ते १ ते १० मे १९४७ या दिवसांत. त्याआधी ते महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरले आणि या दौऱ्यात सेवा दलाची तरुण मुलं त्यांच्याबरोबर होती. मुलांसाठी गोष्टी लिहिणारा माणूस आणि मंदिरासाठी प्राण पणाला लावणारा माणूस एकच होता. १९५० मध्ये गुरुजी गेले. त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि ती शाळाशाळांत पोचवली. तिला प्रवेशअर्ज नव्हता आणि शुल्कही नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर जो बसेल तो श्रोता. मी स्वतः शिक्षिका झाल्यावर कथामालेत गोष्टी सांगितल्या. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलं तिथे हात वर करायची.

माझं पहिलं निवासी शिबिर मी बारा-तेरा वर्षांची असताना झालं. माझे वडील परळच्या गिरणीत विणकर खात्यात होते. प्रवेशअर्ज म्हणजे सायक्लोस्टाइल केलेला एक कागद. त्यावर सामानाची यादी होती: सतरंजी, चादर, ताट, वाटी, पेला, विजेरी, वही, पेन्सिल, एक जाडी सुई आणि दोरा. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की मौल्यवान वस्तू आणि घरचा खाऊ आणू नये. खाऊ का नको, हे मला तिथे गेल्यावर समजलं. सगळ्यांच्या घरचा खाऊ सारखा नव्हता. शिबिर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या एका शाळेत होतं. कोणी कोणाच्या गटात, कोणाची सतरंजी कोणाशेजारी, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. माझ्या एका बाजूला हिंदू कॉलनीतल्या डॉक्टरांची मुलगी होती आणि दुसऱ्या बाजूला महापालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहतीतली मुलगी. सकाळी शिट्टी झाली की विहिरीवर, मग सूर्यनमस्कार, मग श्रमदान; दुपारी गाणी आणि चर्चा; संध्याकाळी खेळ. जेवण झालं की राखेने ताट घासायचं आणि गटप्रमुखाला दाखवायचं. डॉक्टरांच्या मुलीला ताट घासता येत नव्हतं. वसाहतीतल्या मुलीने तिला शिकवलं, आणि तिने त्या मुलीला इंग्रजीतला धडा वाचायला शिकवला. त्या दोघींची मैत्री पुढे टिकली, आणि दोघींशी माझीही.

त्याच काळात मुंबईत मुलांच्या सुट्टीला आणखी एक वाट फुटली होती. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमी पाहून, अभ्यासून आल्या आणि १९५९ मध्ये त्यांनी 'लिटिल थिएटर' उभं केलं. पहिलं नाटक होतं रत्नाकर मतकरी यांचं 'मधुमंजिरी'. पुढे मतकरींनी १९६२ मध्ये स्वतःची 'बालनाट्य' संस्था काढली. मे महिना आणि दिवाळी हे बालनाट्याचे हंगाम ठरले. आधी मुलं प्रेक्षक म्हणून आली, मग त्यांना रंगमंचावर यावंसं वाटलं आणि त्यातून नाट्यशिबिरं सुरू झाली. सुलभा देशपांडे छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. 'आविष्कार'च्या 'चंद्रशाळा' या मुलांच्या विभागाचं काम त्यांनी मन लावून केलं. १९८२ मध्ये चंद्रशाळेचं 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य आलं. लेखन माधव साखरदांडे यांचं, नृत्यं गुरू पार्वतीकुमार यांची, आणि रंगमंच भरून जाईल इतकी मुलं. इतक्या मुलांना एका तालात आणायचं तर महिनोन् महिने तालीम हवी, आणि त्या तालमीत एकट्या मुलाला तारा होऊन चालत नाही.

१९८२ हे वर्ष आमच्या विभागाला वेगळ्या कारणानेही विसरता येत नाही. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मी तेव्हा नुकती शिक्षिका झाले होते आणि नोंदणीच्या टेबलाशी मंडळाच्या चिटणीसांना मदत करत होते. त्या वर्षी अर्ज नेणाऱ्या बायका अर्ज परत आणून देईनात. पैसे नाहीत असं कोणी बोलत नव्हतं. "गावाला जायचंय" म्हणत. चिटणीस हुशार होते. त्यांनी शुल्काची ओळच अर्जावरून खोडली, नव्याने प्रती काढल्या आणि टेबलावर एक बंद पेटी ठेवली. ज्याला जे जमेल ते त्याने पेटीत टाकायचं, पावती सगळ्यांना सारखीच. दुकानदारांनी, शिक्षकांनी, दोन-तीन डॉक्टरांनी पेटीत भर घातली. शिबिर झालं. ज्या मुलांच्या घरी दोन वेळची पंचाईत होती, त्यांना दहा दिवस सकाळी दूध आणि उसळ मिळाली. शिबिराचं शुल्क कसं घ्यावं याचा धडा मी त्या पेटीपाशी शिकले, आणि आजही आमच्या मंडळात ती पद्धत चालू आहे.

दोनच वर्षांनी, १९८४ च्या उन्हाळ्यात, शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या क्रिकेट शिबिरात अकरा वर्षांचा एक मुलगा मोठ्या भावाचं बोट धरून आला. पहिल्या दिवशी तो घाबरला, नीट खेळलाच नाही. भाऊ अजित याने सरांना विनंती केली की त्याला आणखी एक संधी द्या, आणि तुम्ही पाहताय हे त्याला कळू देऊ नका. सर दूर जाऊन पाहत राहिले आणि सचिन तेंडुलकरला प्रवेश मिळाला. प्रवेशशुल्क पासष्ट रुपये आणि महिन्याचे दहा रुपये, असं सचिनने आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. उन्हाळ्याच्या एका सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सराव सामने खेळल्याचंही त्याने नोंदवलं आहे. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती प्रतिभेची गोष्ट म्हणून. मी ती प्रवेशाची गोष्ट म्हणून सांगते. शुल्क प्राध्यापकाच्या घराला परवडणारं होतं आणि गिरणी कामगाराच्या घरालाही. एका वाईट दिवसावरून मुलाला परत पाठवलं नाही. हजार मुलांतून एक सचिन निघतो. पण बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव मुलांनाही रोज मैदान, चेंडू आणि सोबती मिळाले, हे मला कमी मोलाचं वाटत नाही. आज "चाचणी घेऊन निवड" असं छापणाऱ्या आयोजकांनी त्या दुसऱ्या संधीचा विचार करावा.

पुण्यात १९८५ मध्ये सारसबागेजवळ गरवारे बालभवन सुरू झालं. शोभा भागवत यांनी ते वाढवलं. तिथे स्पर्धा नाही, बक्षीस नाही. वाळू, माती, पाणी, रंग, गाणी आणि खेळ. मुलाने काहीतरी करून दाखवलंच पाहिजे असा आग्रह नाही. पालकांना ही गोष्ट समजावणं सर्वांत अवघड असतं, आणि शोभाताईंनी आयुष्यभर लेखांतून, पुस्तकांतून, भेटींतून ते समजावलं. त्याच शहरात 'आयुका' या खगोलविज्ञान संस्थेने १९९३ पासून शाळकरी मुलांसाठी उन्हाळी कार्यक्रम चालवला. शाळांनी पाठवलेली आठवी-नववीतली मुलं आठवडाभर शास्त्रज्ञांबरोबर काम करत. डॉ. जयंत नारळीकरांसारख्या माणसाच्या संस्थेचं फाटक मुलांना उघडं होतं. पुढे तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या, सायकलची नळी, जुन्या बाटल्या यांपासून खेळणी बनवून विज्ञान शिकवलं. खेळणं टाकाऊ वस्तूंचं असलं की ते कुठल्याही घरातल्या मुलाला पुन्हा करता येतं. या साधेपणात मोठी लोकशाही आहे.

नव्वदनंतर अर्ज बदलला. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, चाळींतली कुटुंबं कल्याण, विरार, पनवेलकडे गेली. घरात एक किंवा दोन मुलं, आईवडील दोघं नोकरीवर, गावचं घर बंद. मुलांना दुपारभर सांभाळणारं कोणी नाही. शिबिराची गरज खरी होती आणि ती वाढली. पण अर्जातला प्रश्न बदलला. आधी विचारत होते, "तुमच्या मुलाला काय काय करता येतं?" आता माहितीपत्रक सांगू लागलं, "तुमच्या मुलाला काय काय येईल." व्यक्तिमत्त्व विकास, हस्ताक्षर सुधार, वैदिक गणित, अबॅकस, मग रोबोटिक्स, कोडिंग. प्रत्येक विषयाचा वेगळा वर्ग, वेगळं शुल्क, शेवटी प्रमाणपत्र. हे विषय वाईट नाहीत. माझ्या नातीने रोबोटिक्सच्या वर्गात जे केलं ते पाहून मला आनंद झाला. पण त्या वर्गातली सगळी मुलं एकाच प्रकारच्या शाळांतली, एकाच प्रकारच्या इमारतींतली होती. जातीची विहीर संपली आणि शुल्काची विहीर खणली गेली.

नव्या अर्जाने काही गोष्टी फार चांगल्या केल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. मुलाला कोण न्यायला येणार, त्या माणसाचं नाव आणि फोटो. कोणत्या पदार्थाची, औषधाची ॲलर्जी. मुलींबरोबर बाई कार्यकर्त्या किती. फोटो प्रसिद्ध करायला परवानगी आहे का. आमच्या वेळच्या सायक्लोस्टाइल कागदावर यातलं काही नव्हतं. २०१२ मध्ये बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा आला आणि संस्थांना या बाबतीत जागं व्हावं लागलं. साहसी शिबिरांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. डोंगर, पाणी, हवा यांतले उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं आवश्यक झालं. दोर, हेल्मेट, लाइफ जॅकेट, प्रशिक्षित माणसं, जवळचं रुग्णालय या गोष्टी आता मागता येतात. पालकांनी त्या संकोच न करता मागाव्यात. मुलाला रॅपलिंगला पाठवताना नोंदणीचं प्रमाणपत्र पाहायला मागणं हा अविश्वास नाही.

म्हणून कोणी मला "हिला कशात घालू?" असं विचारलं की मी आधी त्यांच्याकडून चार गोष्टी तपासून घेते. गटाला माणसं किती? वीस मुलांमागे एकच ताई असेल तर शिबिर कितीही नावाजलेलं असो, लहान मुलाला पाठवू नका. मोकळा वेळ किती आहे? वेळापत्रक पंधरा-पंधरा मिनिटांनी भरलेलं असेल तर मुलाला मित्र करायला वेळ उरत नाही. जेवण कसं आहे? सगळ्यांचं एकत्र शिजत असेल आणि मुलं वाढायला, आवरायला मदत करत असतील तर उत्तम. चौथी गोष्ट मुलीलाच विचारायची: तुला जायचंय का? सात-आठ वर्षांचं मूल रात्री आईशिवाय राहायला तयार नसेल तर घाई करू नये. आधी दिवसाचं शिबिर, पुढच्या वर्षी दोन रात्री, मग आठवडा.

आणि मग मी पाचवी गोष्ट सांगते. आयोजकांना विचारा की ज्यांना शुल्क परवडत नाही अशा मुलांसाठी तुमच्याकडे किती जागा आहेत आणि त्या तुम्ही कशा भरता. पहिल्यांदा हे ऐकून पालक गोंधळतात. आम्ही तर पैसे भरणार, मग आम्हाला याची काय गरज? गरज तुमच्या मुलालाच आहे. जे मूल फक्त आपल्यासारख्याच मुलांत वाढतं, त्याला दुसऱ्याचं घर कसं असतं हे कळत नाही. ते पुढे डॉक्टर झालं, अधिकारी झालं, शिक्षक झालं, तरी समोरच्या माणसाची अडचण त्याला नीट दिसत नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात हे शिकवता येत नाही. ते सोबतीने येतं.

असं शिबिर आजही शक्य आहे. रत्नाकर मतकरींनी आयुष्याच्या उत्तरार्धात, २०१४ पासून, ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्त्यांमधल्या मुलांनी आपलं स्वतःचं जगणं नाटकातून मांडलं. १९५९ मधल्या 'मधुमंजिरी'चा लेखक पंचावन्न वर्षांनी लोकवस्तीतल्या मुलांना म्हणाला, आता तुमची गोष्ट तुम्ही सांगा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यातच भरते. तिथल्या उन्हात तरुण मुलं पहाटे कुदळ-फावडं घेऊन निघतात आणि कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांनी पिकवलेलं अन्न त्यांच्याबरोबर जेवतात. गांधीवादी कार्यकर्ते एस. एन. सुब्बराव यांनी वेगवेगळ्या राज्यांतल्या मुलांना एकत्र आणणारे मेळावे भरवले. त्यांत पाहुणी मुलं गावातल्या कुटुंबांत राहायची. भाषा येत नसलेल्या मुलाला आपल्या घरी भाकरी वाढणाऱ्या आईला प्रांताप्रांतांतली माणसं जोडणारी साने गुरुजींची आंतरभारती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सरकारकडूनही माझी अपेक्षा आहे. महापालिकांच्या शाळांच्या इमारती मे महिन्यात कुलूपबंद असतात. मैदान असतं, वर्ग असतात, पाण्याची टाकी असते. वस्तीतल्या मंडळांना, निवृत्त शिक्षकांना, महाविद्यालयातल्या मुलामुलींना त्या इमारती सकाळच्या चार तासांसाठी द्याव्यात, सुरक्षेचे नियम कडक ठेवावेत आणि पोषण आहाराचं स्वयंपाकघर सुट्टीतही चालू ठेवावं. शाळा बंद असताना ज्या मुलाचं दुपारचं जेवण बंद होतं, त्याच्या दृष्टीने सुट्टी सुखाची नसते.

तोवर आपल्या हातात अर्ज आहे. यंदा आपल्या मुलाचा अर्ज भरताना दोन प्रती घ्या. दुसरी प्रत तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या, इमारतीच्या वॉचमनच्या किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या काकांच्या मुलासाठी भरा. त्या आईवडिलांशी बोलून, त्यांच्या संमतीने. शुल्काची तुमची व्यवस्था आयोजकांनाच माहीत असू द्या, मुलांना नको. न्यायला-आणायला एकच फेरी करा. दोघांच्या पिशवीत सारखीच वही, सारखीच पाण्याची बाटली ठेवा. आयोजक म्हणाले की जागा भरल्या, तर पुढच्या वर्षीसाठी आत्ताच नावं लिहून घ्यायला सांगा आणि मार्चमध्ये पुन्हा जा. आमच्या टेबलावर ती पेटी ठेवलेली असतेच.